कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून आमच्या फाइली बंद करू नका

प्रति,
इंदूर शहरातील युरॉलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन व पॅथॉलॉजी लॅबचे संचालक,
आणि महात्मा गांधी मेमोरियल वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता यांस

सप्रेम नमस्कार.

शहरातल्या एका खाजगी रुग्णालयाने नुकतीच माझी फाइल बंद केली. शेवटच्या पानावर एवढंच लिहिलं आहे: युरीन कल्चर (लघवीतले जंतू प्लेटवर वाढवून बघण्याची चाचणी) वेळोवेळी निगेटिव्ह, सोनोग्राफी नॉर्मल, युरॉलॉजीकडून आणखी काही करण्याजोगं नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. डॉक्टर वाईट बोलले नाहीत. उलट फार सौम्यपणे म्हणाले, “रिपोर्ट तो सब नॉर्मल हैं, आप टेंशन लेना छोड़िए.” त्या रात्रीही मी दर तासाला उठत होते.

हा निर्णय मला मान्य नाही. प्रश्न माझ्या एकटीचा असता तर मी निमूटपणे दुसऱ्या डॉक्टरांचं दार ठोठावलं असतं. पण आमच्या रामबागेत एका हळदीकुंकवाला मी हा विषय मोकळेपणाने काढला, आणि मग एकेक जण स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात सांगू लागली. कुणाला बाळंतपणानंतर सुरू झालेलं, कुणाला पाळी गेल्यावर. एका काकूंनी यजमानांचं सांगितलं. पुरुषांनाही हे होतं आणि ते तर घरातसुद्धा बोलत नाहीत. सगळ्यांच्या पिशवीत तेच कागद, त्यावर तेच दोन शब्द: ‘नो ग्रोथ’, म्हणजे प्लेटवर काही उगवलं नाही. म्हणून हे पत्र तुमच्या नावाने आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे.

त्रास काय आहे ते स्पष्टच सांगते, कारण संकोचापायी आम्ही अर्धंच सांगतो आणि तुम्ही त्या अर्ध्यावरच औषध लिहिता. लघवी करताना जळजळ, आणि करून झाल्यावर त्याहून जास्त. ओटीपोटात सतत दाब. मूत्राशय थोडं भरलं की कळ सुरू होते, रिकामं झालं की जरा उतरते, आणि परत तेच. लागली की थांबवता येत नाही आणि बसलं तर चार थेंब. ताप नाही. आजी याला उन्हाळी लागणं म्हणायची. धण्याचं पाणी, सब्जा, वाळा, बार्ली, सगळं करून झालं. उन्हाळी चार दिवसांत जाते. हे वर्षानुवर्षं जात नाही.

मी बँकेत कॅश काउंटरवर बसायचे. कॅशियरला उठायचं तर नोटा आत ठेवून ड्रॉवरला कुलूप लावावं लागतं, संगणक लॉक करावा लागतो, आणि हे सगळं समोरच्या रांगेच्या डोळ्यांदेखत. रांगेतली माणसं बोलतात, मॅनेजर बघतात. शेवटी मी स्वतःच आतल्या टेबलावर बदली मागून घेतली आणि कॅशचा भत्ता सोडला. इथल्या सानंद या मराठी संस्थेच्या नाटकांना जाणं सोडलं, पुण्याला माहेरी जाणारी रात्रीची बस सोडली. आपल्या शहराचं एक मात्र मनापासून म्हणायला हवं: सार्वजनिक शौचालयं स्वच्छ आहेत, म्हणून माझ्यासारखी बाई इथे घराबाहेर तरी पडू शकते. दुसऱ्या शहरात तेही जमलं नसतं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार त्या चाचणीबद्दल आहे आणि ती मी जरा सविस्तर मांडणार आहे, कारण आमचं सगळं भवितव्य तिच्यावर ठरतं. एक मिलिलिटर लघवीत एक लाख जंतू असतील तरच संसर्ग मानायचा, हा आकडा १९५० च्या दशकात बोस्टनच्या डॉ. एडवर्ड कास यांच्या कामातून आला. त्यांनी अभ्यासलेल्या रुग्णांत एक गट मूत्रपिंडाचा संसर्ग झालेल्यांचा होता आणि दुसरा काहीच त्रास नसलेल्यांचा. नुसत्या मूत्राशयाच्या जळजळीने तळमळणाऱ्या बाईसाठी हा आकडा ठरवलेलाच नव्हता. १९८२ साली डॉ. वॉल्टर स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या अशाच स्त्रिया तपासल्या. ज्यांच्या मूत्राशयातून थेट काढलेल्या लघवीत जंतू होते, त्यांच्यापैकी फक्त ५१ टक्के स्त्रिया एक लाखाच्या निकषाने सापडल्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या सुटल्या. त्रास असलेल्या स्त्रीसाठी मिलिलिटरला शंभर जंतूंचा निकष धरावा, असं त्यांनी सांगितलं. या गोष्टीला चाळीसहून अधिक वर्षं झाली. माझ्या रिपोर्टवर कोणता निकष लावला ते छापलेलंसुद्धा नाही.

त्यात लॅबमधली एक साधी गोष्ट. प्लेटवर लघवी पसरायला जो लूप (टोकाला छोटं कडं असलेली तार) वापरतात, तो बहुतेक ठिकाणी एक मायक्रोलिटरचा असतो. त्या लूपने प्लेटवर एक ठिपका उगवला तर त्याचा अर्थ मिलिलिटरला एक हजार जंतू. हजाराच्या खालचं त्या लूपला दिसूच शकत नाही. दहा मायक्रोलिटरचा लूप घेतला तर शंभरापर्यंत दिसतं. हा फरक काही लाखांच्या यंत्राचा नाही.

लघवीत बुडवायच्या पट्टीची चाचणी घ्या. तिच्यातला नायट्राइटचा रंग बदलायला लघवी मूत्राशयात साधारण चार तास थांबलेली असावी लागते, म्हणजे जंतूंना नायट्रेटचं नायट्राइट करायला वेळ मिळतो. जी बाई अर्ध्या अर्ध्या तासाला जाते, तिच्या मूत्राशयात लघवी चार तास थांबणार कशी? शिवाय एन्टरोकोकससारखे काही जंतू नायट्राइट करतच नाहीत. त्यात आम्हाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलेलं असतं, म्हणजे नमुना आणखी पातळ. ज्याचा त्रास जास्त, त्याची पट्टी कोरी राहण्याची शक्यता जास्त, हे आम्हाला कधी कुणी समजावलं नाही.

आणि नमुन्याचा प्रवास. लघवीचा नमुना दोन तासांत लॅबमध्ये प्लेटवर लावला गेला पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवला पाहिजे, किंवा बोरिक अॅसिडच्या बाटलीत घेतला पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. गल्लीतल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी दिलेली बाटली टेबलावर ठेवलेली मी पाहिली आहे, आणि दुपारी मोटरसायकलवरचा मुलगा येऊन ती मुख्य लॅबला नेतो. तोपर्यंत पू-पेशी फुटून गेलेल्या असतात आणि बाहेरून आलेले जंतू वाढलेले असतात. मग रिपोर्ट येतो ‘मिक्स्ड ग्रोथ, कृपया पुन्हा नमुना द्यावा’. आधीच अँटिबायोटिक चालू होतं का, हे फॉर्मवर विचारतही नाहीत.

कल्चर चुकतं म्हणजे प्रत्येकाला संसर्ग असतोच, असं माझं म्हणणं नाही. बेल्जियममध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूत्रसंसर्गाची लक्षणं असलेल्या २२० स्त्रियांचे नमुने तपासले. कल्चरने सुमारे ८१ टक्के जणींत जंतू सापडले, पीसीआरने (जंतूंचा जनुकीय अंश ओळखणाऱ्या चाचणीने) सुमारे ९६ टक्के जणींत ई. कोलाय हा मूत्रसंसर्गाचा नेहमीचा जंतू सापडला. पण काहीच त्रास नसलेल्या स्त्रियांतही साधारण नवांपैकी एकीत पीसीआर पॉझिटिव्ह होतं. शिकागोच्या लोयोला विद्यापीठाच्या गटाने २०१४ पर्यंत हेही दाखवलं की निरोगी मूत्राशयातही जंतू राहतात. लघवी निर्जंतुक असते हे जुनं गृहीतक टिकलेलं नाही. म्हणजे प्रश्न दोन्ही बाजूंनी अवघड आहे, हे मला समजतं. अवघड प्रश्नाचं उत्तर म्हणून तुम्ही एकाच प्लेटकडे बोट दाखवता, ही माझी तक्रार आहे.

दुसरी तक्रार पू-पेशींबद्दल. माझ्या आणि शेजारच्या वहिनींच्या जुन्या रिपोर्टांत ‘पस सेल्स १५-२०’ असं पुन्हा पुन्हा लिहिलं आहे आणि खाली ‘नो ग्रोथ’. पू आहे आणि जंतू उगवत नाही, ही अवस्था वैद्यकशास्त्राला नवी नाही. आपल्या देशात अशा वेळी पहिला संशय मूत्रमार्गाच्या क्षयाचा घ्यायचा, हे एमबीबीएसच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. जगातल्या क्षयरोग्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा भारतात आहे. क्षयाचा जंतू नेहमीच्या प्लेटवर एक-दोन दिवसांत उगवत नाही, त्याला आठवडे लागतात. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीचे सलग तीन दिवसांचे नमुने आणि सीबीनॅट (क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) चाचणी करावी लागते, आणि सरकारी कार्यक्रमात ती मोफत होते. क्षय राहून गेला तर मूत्राशय आकसून अगदी लहान होतं, मूत्रवाहिनी आखडते, मूत्रपिंड निकामी होतं. इतकं माहीत असताना वहिनींना हे तीन नमुने कुणी सांगितले नाहीत. नशिबाने त्यांना क्षय निघाला नाही. पण तपासणी त्यांनी स्वतः हट्टाने करून घेतली, कुणी लिहून दिली म्हणून नव्हे.

तिसरी, अँटिबायोटिक. कल्चर निगेटिव्ह म्हणायचं आणि त्याच चिठ्ठीवर ‘पाच दिवस घेऊन बघा’ म्हणून गोळी लिहायची, यात मला काही सुसंगती दिसत नाही. संसर्ग असेल तर जंतू शोधा आणि पुरेसं औषध द्या. नसेल तर देऊ नका. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन मला किती सहज मिळालं ते आठवलं की काळजी वाटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली स्पष्ट सांगितलं की साध्या मूत्रसंसर्गात दुसरा पर्याय असताना ही औषधं वापरू नयेत, कारण स्नायूबंध आणि नसांना इजा होऊ शकते. माझ्या टाचेमागची शीर त्या काळात इतकी दुखायची की जिना उतरता येत नव्हता. औषधाशी त्याचा काही संबंध असू शकतो, हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही, औषधाच्या डब्यातल्या कागदावर वाचलं. आणि हीच औषधं क्षयाच्या जंतूला अर्धवट दाबून ठेवतात, त्यामुळे निदान आणखी लांबतं.

चौथी तक्रार माझ्या मते सगळ्यांत मोठी आहे. संसर्ग नाही असं ठरल्यावर तुम्ही थांबता. या शहराने घराघरांत कचरा सहा प्रकारांत वेगळा करायला शिकवलं. आमच्या मूत्राशयाच्या दुखण्याला मात्र दोनच डबे आहेत, एक ‘संसर्ग’ आणि दुसरा ‘मनाचं’. मधे किती तरी आहे! मूत्राशयाच्या दीर्घ वेदनेचा स्वतंत्र आजार आहे, त्याला ब्लॅडर पेन सिंड्रोम किंवा इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणतात. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शिकेत सहा आठवड्यांहून जास्त चाललेली, दुसरं कारण न सापडलेली वेदना ही त्याची व्याख्या आहे. त्यातल्या काही रुग्णांच्या मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर हनर नावाचे व्रण असतात. ते १९१५ साली वर्णिले गेले, दुर्बिणीतून दिसतात आणि तिथेच जाळता येतात किंवा त्यांत इंजेक्शन देता येतं. सोनोग्राफीत ते दिसत नाहीत. मग सोनोग्राफी नॉर्मल आहे हे वाक्य शेवटचं कसं ठरतं?

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडून राहिले तरी हीच लक्षणं होतात. त्याला प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट लागतो. अशा रुग्णाला केगलचे, म्हणजे हेच स्नायू आवळण्याचे, व्यायाम सांगितले तर आखडलेला स्नायू आणखी आखडतो. मला ते व्यायाम छापील कागदावर देण्यात आले होते, तपासणी न करता. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होऊन मूत्रमार्गाचं अस्तर पातळ होतं. योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाने पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग कमी होतो, हे १९९३ सालीच चांगल्या चाचणीत सिद्ध झालं आहे. पन्नाशीच्या किती बायकांना तुम्ही हे विचारता? मूत्रवाहिनीच्या टोकाशी अडकलेला छोटा खडा, क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्मासारखे नेहमीच्या प्लेटवर न उगवणारे जंतू, पुरुषांत प्रोस्टेटची दीर्घ सूज, हे सगळं त्याच यादीत. चाळिशीनंतर लघवीत रक्त असेल तर कर्करोगही वगळावा लागतो. माझ्या फाइलमध्ये यांतल्या बहुतेक गोष्टींचं नावसुद्धा नाही.

जंतू मूत्राशयाच्या पेशींच्या आत शिरून पुंजके करून राहतात, हे सेंट लुईसच्या प्रयोगशाळेत २००३ साली उंदरांत दाखवलं गेलं आणि २००७ साली संसर्ग झालेल्या काही स्त्रियांच्या लघवीतही त्याच्या खुणा सापडल्या. लंडनमध्ये प्राध्यापक जेम्स मॅलोन-ली यांनी याच विचारावर अनेक वर्षं क्लिनिक चालवलं. त्यांच्या दीर्घकाळ अँटिबायोटिक देण्याच्या पद्धतीबद्दल डॉक्टरांत तीव्र मतभेद आहेत. मी ती मागत नाही. पण ते ताज्या लघवीचा थेंब स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघत आणि रुग्णाची लक्षणं हाही पुरावा मानत. एवढं तर आपल्याकडेही करता येईल.

पाचवी तक्रार थोडक्यात. मनाचा आणि वेदनेचा संबंध मी नाकारत नाही. वर्षानुवर्षं झोप न मिळालेल्या माणसाला नैराश्य येतंच, आणि त्यावर मदत मिळाली तर ती मी घेईन. पण मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवताना युरॉलॉजीचं दार बंद करू नका. आमच्या ओळखीतल्या एका ताईंना रात्री घ्यायला अॅमिट्रिप्टिलीन लिहून दिलं. छोट्या मात्रेत ते नसांच्या वेदनेवर आणि मूत्राशयाच्या दुखण्यावर देतात. त्यांना काहीच सांगितलं नाही. केमिस्टकडे ‘डिप्रेशन की दवा’ असं ऐकलं, घरात त्यावरून बोलणी झाली, आणि त्यांनी गोळी फेकून दिली. दोन मिनिटं समजावलं असतं तर कदाचित आज त्यांना बरं असतं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

लॅबसंचालकांनी प्रत्येक युरीन कल्चरच्या रिपोर्टवर चार गोष्टी छापाव्यात: नमुना कधी घेतला, कधी लावला, कोणत्या आकाराचा लूप वापरला, आणि किती जंतूंच्या खाली ‘नो ग्रोथ’ म्हटलं. ज्याला त्रास आहे असं डॉक्टरांनी लिहिलं असेल, त्याचा नमुना दहा मायक्रोलिटरच्या लूपने लावावा आणि हजाराच्या खालची एकाच जातीची वाढही कळवावी. कलेक्शन सेंटरवर फ्रीज किंवा बोरिक अॅसिडच्या बाटल्या ठेवाव्यात. फॉर्मवर चालू अँटिबायोटिकचा रकाना असावा.

डॉक्टरांनी पू-पेशी आहेत आणि वाढ नाही असं दोनदा दिसलं तर क्षयाच्या तपासणीची चिठ्ठी द्यावीच. अँटिबायोटिक लिहिण्याआधी नमुना घ्यावा. ‘मानसिक’ असं फाइलमध्ये लिहिण्याआधी आणखी कोणकोणती कारणं तपासली आणि कोणती राहिली, ते त्याच पानावर लिहावं, आणि ते पान रुग्णाला द्यावं.

अधिष्ठाता महोदय, तुमच्याकडे मागणं वेगळं आहे. महाविद्यालयाच्या एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयात सगळ्या माळव्यातून लोक येतात. युरॉलॉजी, स्त्रीरोग, मायक्रोबायोलॉजी आणि फिजिओथेरपी या विभागांची आठवड्यातून एक दुपार एकत्र ओपीडी सुरू करावी, जिथे असे रुग्ण एका टेबलासमोर बसतील आणि चार विभागांत चार वेगळ्या रांगा लावाव्या लागणार नाहीत. त्या ओपीडीच्या शेजारी शौचालय असावं. रांगेत उभं राहणं हेच आमच्यापैकी बऱ्याच जणांचं उपचार सोडण्याचं खरं कारण असतं. माहिती हिंदीबरोबर मराठीतही लावली तर आमच्या भागातल्या वयस्कर बायका ती वाचतील. आणि त्या ओपीडीत वर्षभरात किती रुग्णांना शेवटी काय निदान झालं, ते आकडे नावांशिवाय जाहीर करावेत, म्हणजे पुढच्या बाईला ‘नॉर्मल’ सांगण्याआधी डॉक्टरांसमोर काही तरी आधार असेल.

या पत्राच्या प्रती मी महाविद्यालयाच्या आवक-जावक कक्षात आणि शहरातल्या डॉक्टरांच्या संघटनेकडे देणार आहे. उत्तर लेखी द्यावं ही विनंती. यातली कोणती मागणी मान्य करता येत नाही आणि का, तेही कळवलंत तर आम्ही ते वाचू आणि बोलायला येऊ.

आपली,
एक बँक कर्मचारी आणि रुग्ण
रामबाग, इंदूर